गाणे शिकवणाऱ्याचे घर



जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील जी मुले पेटी, तबला किंवा गायन शिकतात, त्यांच्या तोंडी ‘प्रारंभिक’, ‘प्रवेशिका’, ‘विशारद’ हे शब्द सहज येतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या या परीक्षा. पुष्कळ पालकांना हे एखादे सरकारी बोर्ड वाटते. ते तसे नाही. एका संगीतशिक्षकाच्या निधनानंतर त्याच वर्षी, म्हणजे १९३१ साली, त्याच्या शिष्यांनी ते स्थापन केले. ते शिक्षक म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर.

पलुस्करांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील कीर्तनकार होते. लहानपणी फटाक्याच्या दारूने मुलाचे डोळे अधू झाले, पुस्तकी शिक्षण खुंटले आणि त्याला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात रुजवली ती याच बुवांनी. चरित्रकार एक प्रसंग सांगतात. एका समारंभाचे आमंत्रण विष्णूला आले, गुरूंना मात्र नाही. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ते तर गवई! राजाश्रय होता, गाण्याला वाहवा होती. परंतु गाणाऱ्याला पंगतीत पाट नव्हता. १८९६ मध्ये विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली.

ही वृत्ती केवळ आपल्याकडचीच नव्हे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही अॅरिस्टॉटलचे राज्यशास्त्र वाचले. त्याच्या शेवटच्या भागात तो म्हणतो की मुलांना संगीत अवश्य शिकवावे, पण धंदेवाईक वादकाइतके नव्हे. लोकांच्या करमणुकीसाठी पैसे घेऊन वाजवणे हे त्याला हलके काम वाटते. एवढा मोठा विचारवंत, पण मग मुलांना शिकवायचे कोणी आणि त्याने पोट कसे भरायचे, हा प्रश्न त्याला फारसा पडलेला दिसत नाही! विष्णु दिगंबरांना तो पडला. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. शाळेसारखे वर्ग, ठरलेली वेळ, छापील पुस्तके, स्वर लिहून ठेवण्याची स्वतःची पद्धत. गुरूच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या त्यांनी फी भरणाऱ्या कोणत्याही घरासाठी खुली केली. ज्यांच्याजवळ फी नव्हती अशा होतकरू मुलांना त्यांनी आपल्याजवळ ठेवून घेतले. शिक्षण आणि जेवण मिळे. त्याबदली मुलांनी काही वर्षे विद्यालयाला द्यायची. या वर्गाला त्यांनी ‘उपदेशक वर्ग’ असे नाव दिले. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर, विनायकराव पटवर्धन हे सर्व त्यांचेच शिष्य.

आता घराकडे पाहू. त्यांना बारा मुले झाली. त्यांतील अकरा लहानपणीच गेली. एकटा दत्तात्रय, ज्याला सर्व बापूराव म्हणत, तेवढा राहिला. त्याचा जन्म १९२१ चा. १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय निघाले, पुढे त्याची इमारत झाली, ती कर्जावर. १९२४ मध्ये त्या कर्जापायीच ती हातची गेली. पंडितजी नाशिकला राहू लागले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांनी देह ठेवला. तेव्हा बापूराव दहा वर्षांचा होता. अशा जीवनाला त्याग म्हणून भाषण करणे सोपे असते. त्या घरातील आईने एकेक करून अकरा लेकरांना निरोप दिला, डोक्यावर कर्ज पाहिले. तिच्या बाजूने कोणी फारसे लिहिलेले नाही. आमच्या मते इथे थोडे थांबले पाहिजे.

विनायकराव पटवर्धन मिरजेचेच, १८९८ चे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत ते भूमिका करीत. नाटकात नाव होते, टाळ्या होत्या. ते सोडून ८ मे १९३२ रोजी त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले आणि गुरूचा पोरका मुलगा शिष्य म्हणून हाताशी घेतला. १९३५ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, बापूराव जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायला. पुढे दत्तात्रय विष्णु पलुस्कर हे नाव देशभर झाले; पण २६ ऑक्टोबर १९५५ रोजी वयाच्या चौतिसाव्या वर्षी तेही गेले. विनायकराव त्यानंतर वीस वर्षे जगले. गुरूकडून घेतलेले त्यांनी गुरूच्याच घरी परत पोहोचवले होते.

अलीकडे एका आईने आम्हाला विचारले, “फादर, पोरगा विशारद होऊन गाण्याचा क्लास काढायचा म्हणतो. त्यावर संसार होईल का?” प्रश्न रास्त आहे, आणि ‘देव पाहून घेईल’ एवढेच उत्तर देणे आम्हाला योग्य वाटले नाही. आपल्या नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. २००२ मध्ये त्या गेल्या त्या हलाखीतच. त्यांच्या नावाचा शासकीय पुरस्कार त्यांच्या पश्चात सुरू झाला. म्हणून आम्ही त्या आईला सांगितले की मुलाला शिकू द्या, सोबत पदवीही घेऊ द्या, आणि क्लास निघाला की हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवायला लावा. संसार होईल की नाही हे निम्मे त्याच्या हाती आहे. उरलेले निम्मे क्लासला मुले पाठवणाऱ्यांच्या हाती. ट्यूशनची फी आपण महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरतो. पेटीच्या सरांची फी मात्र ‘पुढच्या महिन्यात एकदम देऊ’ यात राहते.

नाताळच्या गीतांची तयारी करून देणाऱ्या सरांनाही आपण शाल आणि नारळ देतो, एस.टी.चे भाडे ते स्वतःच्या खिशातून भरतात. हा विषय धर्मग्राम समितीच्या पुढील सभेत घ्यावयाचा आहे. गायनमंडळातील मुलांच्या पालकांनी त्या सभेस अवश्य यावे.