शिकवायला येतात, पण आधी शिकतात

गुरुजींनी आम्हांला एका लांबच्या देशाची माहिती सांगितली. ती मी माझ्या शब्दांत लिहिली आहे.

आफ्रिका खंडाच्या खालच्या टोकाला लेसोथो नावाचा छोटा देश आहे. त्याच्या चारी बाजूंना एकच देश आहे, दक्षिण आफ्रिका. भाकरीवर मधोमध कांदा ठेवावा तसा तो नकाशात दिसतो. तो ४ ऑक्टोबर १९६६ रोजी स्वतंत्र झाला. त्याची राजधानी मासेरू. सगळा देश डोंगराळ आहे. तिथली सगळ्यांत खालची जागासुद्धा समुद्रसपाटीपासून १४०० मीटर उंच आहे. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे बघा! आपल्याकडे जूनमध्ये पेरणी असते, तेव्हा तिकडे कडाक्याची थंडी असते. डोंगरावर बर्फ पडतो. म्हणून लोक लोकरीची जाड ब्लँकेटे पांघरून हिंडतात, आपले धनगरबाबा घोंगडी घेतात तसे.

अमेरिकेत पीस कोअर नावाची सरकारी संस्था आहे. ती १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी सुरू केली. तिचे स्वयंसेवक परदेशात जाऊन शाळेत शिकवतात, आरोग्याचे काम करतात. लेसोथोमध्ये ते १९६७ पासून जाऊ लागले. आपल्या देशातही ते १९६१ ते १९७६ या काळात होते. लिलियन कार्टर नावाच्या आजी १९६६ साली, ६८ व्या वर्षी, मुंबईच्या विक्रोळीत आल्या आणि त्यांनी दवाखान्यात काम केले. पुढे १९७७ साली त्यांचा मुलगा जिमी कार्टर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

पण स्वयंसेवक आला आणि लगेच शिकवायला लागला, असे होत नाही. आधी सुमारे तीन महिने तो शिकाऊ असतो. या काळात तो खेड्यातल्या एका घरी राहतो. घरची माणसे त्याला आपल्या भाषेतले नवे नाव देतात. मुलगा असला तर थाबो, म्हणजे आनंद. मुलगी असली तर पालेसा, म्हणजे फूल. मग ती पालेसाताई घरातलीच होते.

तिला काय काय शिकावे लागते? नळावरून किंवा झऱ्यावरून पाणी आणायचे. घमेल्यात थोड्या पाण्यात अंघोळ करायची. कपडे हाताने धुवायचे. मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात टाकून घट्ट हाटायचे. त्याला पापा म्हणतात. आपल्या घाट्यासारखेच. ते पालेभाजीबरोबर हाताने खातात. तिथली जुनी घरे गोल असतात, वर गवताचे छप्पर, खाली शेणामातीने सारवलेली जमीन. झाडे कमी, म्हणून वाळलेले शेण चुलीत जाळतात. हे ऐकून माझी आजी म्हणाली, “अगं बया, हे तर आपलंच गाव!”

शिकता शिकता मध्येच काही दिवस तिला पुढे जिथे काम करायचे ते गाव बघायला पाठवतात. तिथे गेल्यावर आधी गावच्या प्रमुखाला भेटायचे. मग शाळा, दवाखाना बघायचा. वाटेत भेटेल त्याला नमस्कार करायचा. शिक्षण संपले की शपथ घ्यायची आणि दोन वर्षे त्या गावात राहायचे.

त्यांच्या भाषेला सेसोथो म्हणतात. तिच्यातले काही शब्द पाठ करा :
दुमेला – नमस्कार (इंग्रजी अक्षरात लुमेला लिहितात, पण वाचतात दुमेला)
न्ताते – बाबा (कोणत्याही मोठ्या पुरुषाला)
म्मे – आई (कोणत्याही मोठ्या बाईला)
मेत्सी – पाणी
पुला – पाऊस
खोत्सो – शांती

त्या देशात दुःखही आहे. एचआयव्ही हा विषाणू तिथे फार पसरला. मोठ्या माणसांत साधारण पाचांत एकाला तो आहे. रोज औषध घेतले तर माणूस चांगला जगतो, पण औषधे पोचायच्या आधी पुष्कळ आईबाप गेले. काहींचे वडील दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत कामाला गेले. म्हणून पुष्कळ मुले आजीजवळ वाढतात. शाळेत नवी ताई आली तर तिला आधी हे कळायला पाहिजे. नाहीतर ती वर्गात विचारायची, “आईची सही आणली का?” आणि पोरगं गप्प बसायचं.

मी पण आजीजवळ राहतो. दिवाळी झाली की आई आणि दादा ऊसतोडीला जातात. माझी धाकटी बहीण शेवंती त्यांच्याबरोबर जाते. कारखान्याजवळच्या शाळेत ती दरवर्षी नवी असते. तिथल्या मुलांनी तिला आधी नाव विचारावे, घरी कोण कोण आहे ते विचारावे, मग पाढे विचारावेत, असे मला वाटते.

आपल्या शाळेतही कुणी नवे आले, मोठे असो की लहान, तर आधी त्याच्या बोलीतला एक शब्द आपण शिकू या. मग त्याला आपला एक शिकवू या.

दुमेला, न्ताते! दुमेला, म्मे!

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी