वेबपान आतून पाहायचंय? खर्च किती?

गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला येणाऱ्यांसाठी दुकानाची किंवा निवासाची वेबसाइट करायची, तर आधी चांगली पानं आतून पाहून शिकावं लागतं. त्यासाठी लागणाऱ्या साधनांवर शिकणाऱ्याने एक रुपयाही खर्च करू नये.

फुकट काय मिळतं?
२००६ मध्ये या कामाला फायरफॉक्सचं 'फायरबग' हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं पूरक साधन, वेगळं घ्यावं लागे. पुढे तीच सोय ब्राउझरमध्येच आली आणि २०१७ मध्ये फायरबग बंद झालं. आज विंडोजवर क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये एफ-१२ दाबा. एखाद्या मथळ्यावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडलं, की त्याचा एचटीएमएल, रंग, फॉन्ट समोर येतो. तिथे बिनधास्त बदल करून पाहा. पान रिफ्रेश केलं की ते पूर्ववत होतं. 'नेटवर्क' टॅबमध्ये पान उघडायला किती डेटा लागला ते कळतं. मोबाइल डेटावर जगणाऱ्या गिऱ्हाइकासाठी हा आकडा लहान ठेवा.

'वेब डेव्हलपर', 'रिअ‍ॅक्ट डेव्हलपर टूल्स' आणि अंध वाचकांच्या अडचणी दाखवणारं 'वेव्ह' ही एक्स्टेन्शनंही मोफत आहेत. साइट कोणत्या तंत्रावर चालते ते 'वॅपलायझर' फुकट सांगतं. त्याच्या सशुल्क योजना कंपन्यांच्या कामाच्या.

पैसे कुठे लागतात?
मुख्य खर्च कॉम्प्युटरचा. कारण अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनं चालत नाहीत. स्वतःचं मशीन नसेल, तर शाळा-कॉलेजच्या लॅबमध्येही सराव होतो. स्वतःचं एक्स्टेन्शन क्रोमच्या स्टोअरवर टाकायचं असेल, तर नोंदणीचे ५ डॉलर एकदाच भरावे लागतात. फायरफॉक्सकडे शुल्क नाही.

परवानगी जपून द्या
'सर्व वेबसाइटवरची माहिती वाचणं आणि बदलणं' अशी परवानगी बरीच एक्स्टेन्शनं मागतात. ऑगस्ट २०१७ मध्ये 'वेब डेव्हलपर'च्या निर्मात्याचं खातं चोरांनी फसवून घेतलं आणि वापरणाऱ्यांच्या क्रोममध्ये जाहिराती घुसवणारी आवृत्ती पोचवली. नावाजलेल्या एक्स्टेन्शनचीही ही गत होऊ शकते. म्हणून अधिकृत स्टोअरमधूनच घ्या, सरावासाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल ठेवा, त्यात बँकेचं लॉगिन करू नका आणि काम झालं की एक्स्टेन्शन काढून टाका.

सुरुवात एफ-१२ने करा. त्यात जे खरोखर मिळत नाही, तेवढ्यासाठीच एक्स्टेन्शन घ्या.