झोपेच्या गोळ्या : लागणे आणि सुटणे

अन्न, पाणी आणि निवारा यांच्या खालोखाल माणसाला ज्याची गरज असते ती झोप होय. दिवसभर राबलेल्या शरीराला ती विसावा देते, मनावरचे ओझे हलके करते. ज्याला झोप येत नाही त्याचे हाल त्यालाच ठाऊक. अशा माणसाला एका बारीकशा गोळीने रात्रभर गाढ झोप मिळाली तर ती गोळी त्याला अमृतासारखी वाटावी यात नवल नाही. पण हीच गोळी वर्षानुवर्षे घेत राहिल्यावर काय होते आणि ती सोडायची कशी, याविषयी आपल्याकडे फार थोडे बोलले जाते. दारू, गांजा, तंबाखू यांवर व्याख्याने होतात, प्रभातफेऱ्या निघतात, निबंधस्पर्धा होतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घरात आलेल्या गोळीकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही.

बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्र हा विषय अभ्यासताना या प्रश्नाविषयी मी जे वाचले, ते सोप्या भाषेत मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. त्यातील एकच गोष्ट वाचकांच्या ध्यानात राहिली तरी पुरे. ही गोळी जशी स्वतःच्या मनाने सुरू करू नये, तशी ती स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नये. पहिली गोष्ट वाईट हे पुष्कळांना पटते. दुसरी गोष्ट जिवावर बेतू शकते हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

थोडासा इतिहास

मन शांत करणाऱ्या व झोप आणणाऱ्या औषधांना शामक औषधे म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०३ साली, एमिल फिशर व योझेफ फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी बार्बिटाल हे झोपेचे औषध पुढे आणले. ते 'व्हेरोनाल' या नावाने विकले जाऊ लागले. त्याच कुळातील फिनोबार्बिटाल १९१२ साली बाजारात आले. पुढची चाळीस-पन्नास वर्षे या बार्बिट्युरेट गटाच्या औषधांचे राज्य होते. मात्रा थोडी अधिक झाली की श्वास बंद पडून मृत्यू येई, हा त्यांचा मोठा दोष होता.

ही औषधे एकाएकी थांबवल्यास काय होते, याचे उत्तर १९५० साली मिळाले. अमेरिकेतील लेक्झिंग्टन येथे व्यसनी कैद्यांसाठी सरकारी रुग्णालय होते. तेथे हॅरिस इसबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच जणांना काही महिने ही औषधे मोठ्या मात्रेत दिली आणि मग एकदम बंद केली. त्यांच्यापैकी बहुतेकांना अपस्मारासारख्या आकड्या आल्या आणि भ्रम झाला. कैद्यांवर असा प्रयोग करणे आज कोणी योग्य मानणार नाही. परंतु शामक औषध एकदम तोडणे धोक्याचे असते, ही गोष्ट त्यातून निर्विवाद सिद्ध झाली.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९६० साली, 'लिब्रियम' हे नवे औषध आले. हॉफमन-ला रोश या कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने ते शोधले होते. प्रयोगशाळेची आवराआवर करताना कोपऱ्यात पडून राहिलेला एक नमुना १९५७ साली तपासायला पाठवला गेला आणि त्यातून हे औषध हाती लागले, अशी त्याची हकीकत आहे. १९६३ साली त्याच कंपनीने 'व्हॅलियम' म्हणजे डायाझेपाम विक्रीस आणले. या गटाला बेंझोडायाझेपीन असे नाव आहे. आज आपल्याकडे ज्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गोळ्या सर्रास दिसतात, त्या याच गटातील होत. बार्बिट्युरेटपेक्षा या गोळ्या पुष्कळच सुरक्षित होत्या. त्यामुळे 'या लागत नाहीत' असा समज पसरला.

तो समज चुकीचा असल्याचा पुरावा मात्र लगेच पुढच्याच वर्षी समोर आला होता. १९६१ साली लिओ हॉलिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, काही महिने मोठ्या मात्रेत लिब्रियम घेणाऱ्या अकरा रुग्णांचे औषध एकदम थांबवून त्याऐवजी औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. अकरापैकी दहा जणांना त्रास झाला आणि दोघांना आकडी आली. तरीही जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. व्हॅलियम हे अमेरिकेत वर्षानुवर्षे सर्वाधिक लिहून दिले जाणारे औषध राहिले. १९७९ साली बार्बरा गॉर्डन या दूरचित्रवाणीच्या निर्मातीने आपली आत्मकथा प्रसिद्ध केली. व्हॅलियम एकदम सोडल्यानंतर आपली काय अवस्था झाली आणि मनोरुग्णालयात कसे राहावे लागले, हे तिने त्यात सांगितले आहे. शिकलेली, नामवंत, मोठ्या पगाराची बाई, आणि तिला कोणी चोरून गोळ्या दिल्या नव्हत्या. त्या डॉक्टरांनीच लिहून दिल्या होत्या. हे वाचून पुष्कळांचे डोळे उघडले.

शरीरात काय घडते ?

आपल्या मेंदूत चेतना वाढवणारी आणि चेतना आवरणारी अशी दोन्ही प्रकारची रसायने असतात. आवरणाऱ्यांपैकी प्रमुख रसायनाला 'गाबा' म्हणतात. झोपेची गोळी या गाबाचे बळ वाढवते. त्यामुळे काळजी कमी होते, स्नायू सैल पडतात आणि झोप लागते.

पण मेंदू स्वस्थ बसत नाही. येथे रस्सीखेचीचे उदाहरण उपयोगी पडेल. दोराच्या एका टोकाला गोळी रोज जोर लावते. तोल राखण्यासाठी मेंदू दुसऱ्या टोकाला आपला जोर वाढवत जातो. म्हणूनच काही आठवड्यांनी एका गोळीने भागत नाही, दोन घ्याव्या लागतात. आता गोळीच्या बाजूने दोर एकदम सोडून दिला तर काय होईल ? पलीकडची सगळी मंडळी तोंडघशी पडतील. औषध एकदम बंद केल्यावर मेंदूचे नेमके हेच होते. त्याला आवरणारे कोणी उरत नाही. हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, छातीत धडधडते, झोप साफ उडते, उजेड आणि आवाज सहन होत नाहीत. क्वचित नसलेल्या वस्तू दिसू लागतात आणि आकडी येते. आकडीत मृत्यूही येऊ शकतो. व्यसनमुक्ती केंद्रांत या साऱ्याला 'विड्रॉल' म्हणतात. अल्प्राझोलामसारखी गोळी शरीरातून लवकर निघून जाते. तिचा त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. डायाझेपाम शरीरात रेंगाळते. तिचा त्रास आठवड्यानेही सुरू होऊ शकतो. त्यामुळे त्रास कशामुळे होत आहे हे घरच्यांच्या लक्षातच येत नाही.

घरातील एक उदाहरण

पुस्तकातील ही माहिती आमच्या घरात प्रत्यक्ष घडली आहे, म्हणून ती येथे सांगते. आजोबा वारल्यावर माझ्या आजीची झोप उडाली. एका डॉक्टरांनी तिला पंधरा दिवसांसाठी अल्प्राझोलामची गोळी लिहून दिली. ते पंधरा दिवस सात वर्षे चालले. बाजाराच्या दिवशी कोणीतरी रिकामे पाकीट घेऊन जाई आणि दुकानातून तशीच गोळी आणी. एकीच्या तीन झाल्या. पाकिटावर तांबड्या चौकटीत सूचना छापलेली असते; पण ती इंग्रजीत, आणि आमच्या घरात इंग्रजी वाचायला शिकलेली मीच पहिली.

गेल्या वर्षी आषाढी एकादशीला आजीने चातुर्मासाचा नेम धरला. कोणी कांदा सोडतो, कोणी वांगे सोडतो. आजीने गोळी सोडली. शेजारच्या बायकांनी तिचे कौतुक केले. वडील म्हणाले, "सोडायचं तर असं एका झटक्यात सोडावं." दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या हातातील कपबशी खडखडू लागली. चौथ्या दिवशी ती भिंतीवर मुंग्या चालताना पाहू लागली. गल्लीत कोणी म्हणाले बाहेरचे आहे, कोणी देवऋषीचे नाव सुचवले. त्याच संध्याकाळी तिला आकडी आली आणि वडिलांनी जीप करून तिला सरकारी रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणती गोळी चालू होती ?" वडिलांना 'झोपेची पांढरी गोळी' एवढेच सांगता आले. मी घरून फोनवर पाकिटावरचे नाव एकेक अक्षर वाचून दाखवले, तेव्हा निदान झाले.

डॉक्टरांनी तीच गोळी ठरावीक मात्रेत पुन्हा सुरू केली, तेव्हा आजी रडली. नेम मोडला याचे तिला दुःख होते. "मी काय दारुडी आहे का, मला सोडता येईना ?" असे ती विचारू लागली. डॉक्टरांनी तिला समजावले, "आजी, तुमचा निश्चय कमी पडला नाही. तुमच्या मेंदूला वेळ कमी पडला." हे वाक्य मला कोणत्याही व्याख्येपेक्षा मोलाचे वाटते. गोळीची शरीराला सवय होणे ही एक गोष्ट आणि नशेसाठी तिच्या मागे धावणे ही दुसरी गोष्ट. दोन्हींना आपण सरसकट 'व्यसन' म्हणतो. मग लाजेपोटी माणसे डॉक्टरांकडे जात नाहीत आणि घरातल्या घरात गोळी तोडू पाहतात.

देखरेखीखाली औषध सोडवणे

वैद्यकीय देखरेखीखाली औषध सोडवणे म्हणजे रुग्णाला खोलीत कोंडून ठेवणे नव्हे. डॉक्टर प्रथम कोणती गोळी, किती, किती वर्षे, सोबत दारू आहे का, पूर्वी आकडी आली होती का, हे विचारतात. धोका अधिक असेल तर रुग्णाला दाखल करून नाडी, रक्तदाब व शुद्धी यांवर लक्ष ठेवतात. पुष्कळदा लवकर उतरणाऱ्या गोळीऐवजी शरीरात रेंगाळणारी डायाझेपामसारखी गोळी देतात, म्हणजे चढउतार कमी होतात. वृद्धांच्या किंवा यकृत दुबळे असलेल्यांच्या बाबतीत याचा वेगळा विचार करावा लागतो. त्यानंतर मात्रा थोडी थोडी उतरवतात. दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के, अशा बेताने कमी करावे असे अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. त्रास वाढला तर तेथेच थांबतात. घाई करीत नाहीत.

या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत प्राध्यापक हेदर ॲश्टन यांचे नाव आदराने घेतले जाते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९८२ ते १९९४ या काळात त्यांनी अशा रुग्णांसाठी खास बाह्यरुग्ण विभाग चालवला. रुग्णांचे म्हणणे ऐकून घेऊन त्यांनी गोळी उतरवण्याच्या पायऱ्या आखल्या. १९८८ साली ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ देऊ नयेत, असा सल्ला दिला.

माझ्या आजीला गोळी सुटायला आठ महिने लागले. अर्ध्यावरून पाव गोळीवर येणे तिला सर्वांत जड गेले. त्या दिवसांत ती मध्यरात्री ओट्यावर बसून राही आणि आई तिच्याजवळ बसे. आता ती गोळीवाचून चार-पाच तास झोपते आणि पुरेसे आहे म्हणते.

आपल्या भोवतालची स्थिती

हा प्रश्न एखाद्या घरापुरता नाही. २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, भारतात १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी सुमारे १.०८ टक्के, म्हणजे जवळजवळ १ कोटी १८ लाख लोक, वैद्यकीय सल्ल्यावाचून शामक औषधे घेतात.

ज्यांनी आयुष्यात कधी गोळी हातात धरली नाही त्यांनाही ती लागू शकते. आपल्या नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या तेलंगणात शिंदीमध्ये अल्प्राझोलाम, डायाझेपाम यांची भेसळ करून विकण्याचा प्रकार जुना आहे. २०१५ साली अशा भेसळीवर कारवाई होऊन पुरवठा तुटला, तेव्हा निजामाबाद, मेदक भागातील अनेक माणसे थरथर, आकड्या व भ्रम घेऊन रुग्णालयांत पोचली. ती शिंदीला चटावली आहेत असे लोक समजत होते. खरे तर ती गोळीच्या तुटीने आजारी होती. कारवाई आवश्यकच असते, परंतु तिच्यासोबत उपचाराची तयारीही असली पाहिजे, हा त्यातील धडा आहे.

आपल्या देशात १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायाझेपाम यांसारखी औषधे 'एच-वन' या अनुसूचीत आहेत. दुकानदाराने ती चिठ्ठीवाचून देऊ नयेत, रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहावे आणि ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण रिकामे पाकीट दाखवून गोळी मिळते तोवर तो कागदावरच राहणार.

समारोप

या अभ्यासातून मला जे उमगले ते थोडक्यात असे. गोळी वाईट नाही. योग्य कारणासाठी, थोड्या दिवसांसाठी ती वरदानच आहे. ती लागणे हे पाप नाही आणि ती एका झटक्यात तोडणे हे शौर्य नाही. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे अनेकजण घरातील पहिलेच शिकणारे आहेत. त्यांनी एक काम अवश्य करावे. सुट्टीत घरी गेल्यावर आजी-आजोबांच्या, आई-वडिलांच्या उशाजवळची पाकिटे वाचून पाहावीत. नावाच्या शेवटी 'झोलाम' किंवा 'झेपाम' आढळले, तर किती वर्षे चालू आहे ते विचारावे. गोळी हिसकावून घेऊ नये, फेकून देऊ नये. दारूसोबत मात्र ती कधीही घेऊ देऊ नये. पाकीट व जुनी चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. जाणे जमत नसेल तर २०२२ साली सरकारने सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही सल्ला मिळतो. आकडी आली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे आणि गोळीचे नाव प्रथम सांगावे.

आपल्या शिक्षणाचा घरच्यांना एवढा उपयोग झाला तरी ते शिक्षण सार्थकी लागले असे मी मानते.