राजधानीचे दर्शन

यमुनेच्या काठी वसलेली दिल्ली ही भारताची राजधानी होय. काही नगरे व्यापाराने भरभराटीस येतात, काही तीर्थक्षेत्रे म्हणून प्रसिद्धी पावतात. दिल्लीने मात्र राज्यांचे उदय आणि अस्त पाहिले. येथे ज्याने सत्ता गाजविली, त्याने आपली काही ना काही खूण दगडांत ठेवली. म्हणूनच दिल्ली पाहावयास निघालेल्याने तीन प्रश्न सोबत न्यावेत : ही वास्तू कोणी उभारली? कशासाठी उभारली? आणि आज ती कोणाची आहे?

नगराच्या दक्षिणेस मेहरौली येथे कुतुबमिनार उभा आहे. त्याची उंची सुमारे ७२ मीटर आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस कुतुबुद्दीन ऐबकाने आपल्या विजयाची खूण म्हणून त्याचे काम आरंभिले व पुढे अल्तमशाने वरचे मजले चढविले. मिनाराच्या जवळच एक लोहस्तंभ आहे. तो सुमारे सात मीटर उंच असून गुप्तकाळातील आहे. सोळाशे वर्षांच्या ऊन-पावसाने त्याला म्हणण्यासारखा गंज चढला नाही. या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक असल्यामुळे स्तंभावर एक पातळ थर तयार झाला व त्याने आतील लोखंडाचे रक्षण केले, असे शास्त्रज्ञ सांगतात. स्तंभावर चंद्र नावाच्या राजाची कीर्ती कोरलेली आहे. पण ज्या लोहारांनी तो घडविला, त्यांचे नाव त्यावर नाही.

या स्तंभाला पाठ टेकून मागे हातांची मिठी घालता आली, तर भाग्य उजळते, अशी एक समजूत होती. हजारो प्रेक्षकांनी ते करून पाहिले. त्या घर्षणाने स्तंभाचा खालचा भाग झिजू लागला. अखेर १९९७ मध्ये त्याच्याभोवती कुंपण घालावे लागले. सोळा शतकांचा पाऊस जे करू शकला नाही, ते माणसांच्या हातांनी केले!

जुन्या दिल्लीत लाल किल्ला आहे. बादशहा शाहजहानने १६३९ मध्ये त्याचा पाया घातला व १६४८ मध्ये तो पुरा झाला. तांबड्या दगडाचा त्याचा भव्य तट पाहून मन थक्क होते. आत शिरल्यावर दिवाण-इ-आम व दिवाण-इ-खास ही सभागृहे लागतात. दिवाण-इ-खासमध्ये एके काळी रत्नजडित मयूरासन होते. १७३९ मध्ये नादिरशहाने ते लुटून नेले. त्या सभागृहाचे छत चांदीने मढविलेले होते. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या मराठी फौजा दिल्लीत आल्या, तेव्हा सैन्याच्या खर्चाला पैसा नव्हता. त्या वेळी त्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडण्यात आली. पुढच्याच वर्षी पानिपतचा घोर संग्राम झाला.

याच दिवाण-इ-खासमध्ये १८५८ मध्ये वृद्ध बादशहा बहादूरशहा जफर आरोपी म्हणून उभा राहिला. ज्या दालनात त्याचे पूर्वज न्याय देत, तेथेच इंग्रजांनी त्याला दोषी ठरवून रंगूनला हद्दपार केले. सत्त्याऐंशी वर्षांनी, १९४५ मध्ये, याच किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांवर खटला चालला. त्यांपैकी एक हिंदू, एक मुसलमान व एक शीख होता. त्यांच्या बचावासाठी सारा देश एक झाला, आणि त्यांना दिलेली काळ्या पाण्याची शिक्षा सरकारला रद्द करावी लागली. नंतर दोन वर्षांच्या आतच देश स्वतंत्र झाला. १६ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंनी याच किल्ल्याच्या तटावर तिरंगा फडकविला. तेव्हापासून दर स्वातंत्र्यदिनी पंतप्रधान येथे ध्वजारोहण करतात.

नवी दिल्ली इंग्रजांनी वसविली. १९११ च्या दरबारात बादशहा पाचव्या जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा केली. एडविन लट्येन्स व हर्बर्ट बेकर या शिल्पज्ञांनी रायसीना टेकडीवर भव्य इमारती रचल्या आणि १९३१ मध्ये नव्या राजधानीचे उद्घाटन झाले. सचिवालयाच्या नॉर्थ ब्लॉक या इमारतीच्या प्रवेशद्वारावर इंग्रजांनी एक वचन कोरले. स्वातंत्र्य लोकांकडे आपण होऊन खाली उतरत नाही, लोकांनीच त्याच्यापर्यंत चढावे लागते, असा त्याचा आशय आहे. उपदेश करणाऱ्यांना ही राजधानी जेमतेम सोळा वर्षे लाभली. ज्यांना उपदेश केला, ते तोवर चढून वर आले होते!

टेकडीच्या माथ्यावर व्हाइसरॉयसाठी बांधलेला ३४० खोल्यांचा प्रासाद आता राष्ट्रपतिभवन म्हणून ओळखला जातो. त्याच्या घुमटाची ठेवण सांचीच्या स्तूपाची आठवण करून देते. २६ जानेवारी १९५० रोजी येथील दरबार सभागृहात डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी भारताचे पहिले राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. या घरात कोणी राहावे, हे आता जन्माने ठरत नाही. लोकांचे प्रतिनिधी मते देऊन ते ठरवितात. २००७ मध्ये महाराष्ट्रकन्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

राष्ट्रपतिभवनासमोरून निघणारा रुंद रस्ता थेट इंडिया गेटपर्यंत जातो. त्याला पूर्वी राजपथ म्हणत. २०२२ पासून त्याचे नाव कर्तव्यपथ आहे. इंडिया गेट ही ४२ मीटर उंचीची कमान पहिल्या महायुद्धात व अफगाण युद्धात कामी आलेल्या सैनिकांचे स्मारक आहे. तिच्यावर तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. शेजारीच २०१९ मध्ये उभारलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात स्वतंत्र भारतासाठी प्राण वेचणाऱ्या पंचवीस हजारांहून अधिक वीरांची नावे आहेत. येथे प्रेक्षकांचा आवाज आपोआप खाली येतो.

जवळच जुन्या संसदभवनाची वर्तुळाकार इमारत आहे. तिच्याभोवती १४४ खांबांची रांग आहे. तिला आता संविधान सदन म्हणतात. शेजारच्या नव्या त्रिकोणाकृती भवनात संसदेचे कामकाज २०२३ पासून चालते. जुन्या भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात २६ नोव्हेंबर १९४९ रोजी भारताचे संविधान स्वीकारले गेले. मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. साताऱ्याच्या शाळेत ज्या बालकाला इतरांपासून दूर, गोणपाटावर बसावे लागले होते, त्यानेच देशातील प्रत्येकाला समतेचा हक्क देणारा मसुदा सिद्ध केला. आदल्या दिवशीच्या भाषणात त्यांनी एक इशाराही दिला : राजकारणात समता येईल, परंतु समाजात विषमता तशीच राहिली, तर ही लोकशाही धोक्यात येईल.

दिल्लीदर्शनाचा शेवट राजघाटावर करावा. येथे उंच मिनार नाही, घुमट नाही. मोकळ्या आकाशाखाली काळ्या दगडाचा एक साधा चौथरा आहे. त्यावर ‘हे राम’ हे दोन शब्दच कोरलेले आहेत. ३१ जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींच्या देहाला येथे अग्नी देण्यात आला. ज्याने कोणतेही सिंहासन स्वीकारले नाही, त्याच्या समाधीपुढे देशोदेशीचे सत्ताधीश येऊन मस्तक नमवितात.

मिनार सुलतानांनी बांधला, किल्ला बादशहाने, प्रासाद परकीयांनी. ते गेले, वास्तू मात्र उरल्या, आणि आता त्या प्रजेच्या आहेत. जे प्रजेचे आहे, ते राखण्याची जबाबदारीही प्रजेचीच. जुन्या भिंतीवर खिळ्याने आपले नाव कोरणारा प्रेक्षक आपल्याच घराची भिंत खरवडत असतो. दिल्लीच्या दगडांवर कोरण्याजोगी नावे कोरून झाली आहेत. आता ती वाचावयाची आहेत आणि जपावयाची आहेत.

स्वाध्याय

१. लोहस्तंभाभोवती कुंपण का घालावे लागले?
२. लाल किल्ल्यातील दोन खटल्यांत कोणते साम्य व कोणता फरक आहे?
३. ‘त्यांना ही राजधानी जेमतेम सोळा वर्षे लाभली.’ असे का म्हटले आहे?
४. आपल्या गावातील एका जुन्या वास्तूविषयी आरंभीचे तीन प्रश्न विचारून दहा ओळी लिहा.