क्रोसाँ : नाव, गोष्ट आणि पापुद्रे

मुलांनो, मागच्या सत्रात आपण चिरोट्यांचा पाठ वाचला. या वेळी तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी सुट्टीच्या सकाळी येणारा पदार्थ घेतला आहे, तो म्हणजे क्रोसाँ. पाठ थोडा मोठा आहे. मोठ्या गटाने तो स्वतः वाचावा, छोट्या गटाला आईबाबांनी वाचून दाखवावा.

आधी नाव पाहू. हा शब्द फ्रेंच आहे. त्याच्या शेवटी 'ट' लिहितात पण उच्चारत नाहीत, आणि 'साँ' नाकातून म्हणतात. फ्रेंच माणसाचा उच्चार 'क्र्वासाँ'च्या जवळ जातो. आपण सोपे म्हणून 'क्रोसाँ' लिहू. आपल्याकडे चंद्रबिंदू असल्यामुळे हा नाकातला उच्चार इंग्रजीपेक्षा मराठीत चांगला लिहिता येतो, हे लक्षात आले का?

क्रोसाँचा मूळ अर्थ 'वाढणारा'. वाढणारा कोण? तर शुक्लपक्षातला चंद्र. त्यावरून चंद्रकोरीला क्रोसाँ म्हणू लागले आणि चंद्रकोरीच्या आकाराच्या पावालाही तेच नाव मिळाले. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतला 'वर्धिष्णू' हा शब्द आपण पाठ केला आहे. तिथेही प्रतिपदेच्या चंद्रासारखे वाढत जाण्याचीच कल्पना आहे. म्हणजे फ्रेंच बेकरीतला शब्द आणि आपला 'वर्धिष्णू', दोघांचा अर्थ एकच!

आता गोष्ट. ती तुम्ही शाळेत ऐकली असेल. 1683 साली तुर्की फौजेने व्हिएन्ना शहराला वेढा घातला. रात्री तुर्क भुयार खणत होते. पहाटे उठणाऱ्या पाववाल्यांनी तो आवाज ऐकला, पहारेकऱ्यांना सावध केले आणि शहर वाचले. मग विजयाची आठवण म्हणून त्यांनी शत्रूच्या निशाणावरच्या चंद्रकोरीसारखा पाव भाजला.

वेढा खरा आहे, भुयारेही खरी आहेत. पण पावाची गोष्ट टिकत नाही. एक तर ऑस्ट्रियात 'किप्फेल' नावाचा वाकडा पाव या वेढ्याच्या कितीतरी शतके आधीपासून होता. दुसरे म्हणजे हीच गोष्ट काही पुस्तकांत व्हिएन्नाची, तर काहींत 1686 सालच्या बुडापेस्टची म्हणून सांगितली आहे. पाववाले दोन्हीकडे तेच! 1770 साली लग्न होऊन फ्रान्सला गेलेल्या राणी मारी आंत्वानेतने हा पाव सोबत नेला असेही सांगतात, पण तिच्या काळातल्या कागदपत्रांत त्याला आधार नाही. आम्ही हे इतके सविस्तर लिहितो त्याला कारण आहे. तुमच्या शाळेत तुर्की मुलेही असतात. 'तुमचे निशाण आम्ही नाश्त्याला खातो' असा या गोष्टीचा अर्थ त्यांच्या कानाला लागतो, आणि ती खरी नसताना तो का लागू द्यावा?

खरा दुवा सापडतो तो ऑगुस्ट झांग या ऑस्ट्रियन माणसापाशी. तो आधी तोफखान्यात अधिकारी होता. 1838-39च्या सुमारास त्याने पॅरिसमध्ये रिशल्यू रस्त्यावर व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. त्याचे किप्फेल पॅरिसकरांना इतके आवडले की इतर पाववाले त्याची नक्कल करू लागले. अशा पदार्थांना फ्रान्समध्ये आजही 'व्हिएन्नाचे' या अर्थाचेच नाव आहे. झांग 1848 साली व्हिएन्नाला परतला आणि त्याने तिथे वर्तमानपत्र काढले.

पण आपल्याला माहीत असलेले पापुद्रे त्यानंतरचे. बटरच्या घड्या घातलेल्या क्रोसाँची छापील कृती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागते. म्हणजे व्हिएन्नाने आकार दिला आणि फ्रान्सने पापुद्रे.

पापुद्रे कसे होतात? चिरोट्यात आपण पोळ्यांवर तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावतो. इथे यीस्ट घातलेल्या मैद्याच्या पिठात थंड बटरची लादी गुंडाळतात. मग लाटायचे, तीन पदरी घडी घालायची, गार करायचे, पुन्हा लाटायचे. पहिल्या घडीला बटरचे 3 थर, दुसरीला 9, तिसरीला 27. बटरमध्ये साधारण सहावा हिस्सा पाणी असते. भट्टीत त्याची वाफ होते आणि ती पिठाचे थर उचलून धरते. बटर आधीच वितळले तर ते पिठात मुरते आणि साधा गोड पाव हाती येतो. म्हणून मे महिन्यात नागपूरला हा उद्योग कोणी करू नये.

फ्रान्समध्ये क्रोसाँ सकाळी कॉफीबरोबर खातात. बरेच जण तो कॉफीत बुडवतात, आपण चहात खारी बुडवतो तसाच, तेव्हा घरी मुलांना कोणी रागावू नये. मुरंबा लावावा, पण वरून आणखी बटर कशाला? कापायचा तर दातेरी सुरीने आडवा कापावा. साध्या सुरीने तो चेपतो. तिथे बटरचा क्रोसाँ बहुधा सरळ असतो आणि दुसऱ्या स्निग्ध पदार्थाचा वाकडा. इंग्लंडमध्ये टेस्को दुकानांनी 2016 साली वाकडे क्रोसाँ बंद करून फक्त सरळ ठेवले, कारण काय, तर मुरंबा लावायला सोपे! चंद्रकोर गेली, नाव राहिले.

पालकांसाठी : क्रोसाँ त्याच दिवशी खाल्लेला उत्तम. उरला तर कागदी पिशवीत बाहेरच ठेवावा, दुसऱ्या दिवशी चालतो. साधा क्रोसाँ फ्रीजमध्ये ठेवू नये; त्या थंडीत पाव उलट लवकर शिळा होतो. जास्त आणले असतील तर त्याच दिवशी हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत, महिनाभर चांगले राहतात. तिथून काढून थेट 170 अंशांच्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटे ठेवावेत. मायक्रोवेव्हमध्ये ते मऊ पडतात आणि मग चिवट होतात. शिळे टाकू मात्र नयेत. फ्रेंच पाववाले कालच्या क्रोसाँला साखरेचा पाक लावून, आत बदामाचे सारण भरून पुन्हा भाजतात आणि ताज्यापेक्षा महाग विकतात!

स्वाध्याय : तिसऱ्या घडीनंतर आणखी एक तीन पदरी घडी घातली तर बटरचे किती थर होतील? आजीला फोन करून ती चिरोट्याचा साटा कसा करते ते विचारा आणि पाच ओळी लिहून आणा. 'वाढणे' या शब्दाचे मराठीत दोन वेगळे अर्थ आहेत. ते दोन्ही येतील असे एकच वाक्य करा.