नवे मालवाहू वाहन ताब्यात घेताना

सुरत शहराच्या आग्नेय भागात डिंडोली ही वस्ती आहे. नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे ताप्ती खोऱ्यातील रेल्वेमार्गाने सुरतेस आली आणि उधना, लिंबायत, नवागाम व डिंडोली या भागांत स्थायिक झाली. यांपैकी पुष्कळांच्या उपजीविकेचा आधार कापडधंदा हा होय. यंत्रमागावरील कोऱ्या कापडाचे ताके रंगाई-छपाईच्या कारखान्यांत आणि तेथून बाजारपेठेत पोहोचविण्यासाठी लहान मालवाहू वाहनांची नित्य गरज असते. त्यामुळे मागावर काम करून चार पैसे गाठीस बांधलेला कामगार स्वतःची पिकअप गाडी घेऊन स्वतंत्र व्यवसाय करण्याचा विचार करू लागतो.

असे वाहन बहुधा कर्जाऊ घेतले जाते. समजा, आठ लाख रुपयांचे कर्ज दरसाल ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १७,४०० रुपये, म्हणजे दररोज जवळजवळ ५८० रुपये पडतो. वाहन रस्त्यावर धावो अथवा दुरुस्तीसाठी उभे राहो, हप्ता थांबत नाही. नव्या वाहनातील एखादा दोष ताबा घेण्यापूर्वी लक्षात आला तर त्याचा भार विक्रेत्यावर राहतो. तोच दोष नंतर लक्षात आला तर तो मुळातच होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बहुतांशी ग्राहकावर येऊन पडते. यास्तव ताबा घेण्यापूर्वीच्या तपासणीस अर्धा दिवस खर्च करणे हिताचे ठरते.

तपासणी कोण करतो?

नवे वाहन सरकारी अधिकाऱ्याने पाहिलेलेच असते, असा समज अनेकांचा असतो. पूर्वी तो बऱ्याच अंशी बरोबर होता. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार, अधिकृत विक्रेत्याने विकलेले वाहन पहिल्या नोंदणीसाठी नोंदणी प्राधिकाऱ्यापुढे हजर करण्याची आवश्यकता ठेवण्यात आलेली नाही. नोंदणीचा अर्जही विक्रेत्यामार्फतच केला जातो. वाहन रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला उत्पादक 'नमुना २२' मध्ये देतो. तथापि कारखान्यातून निघाल्यानंतर वाहनाने केलेला प्रवास, गोदामातील मुक्काम आणि चढ-उतार करताना लागलेले धक्के यांची नोंद त्या दाखल्यात नसते. म्हणजेच उत्पादक व विक्रेता यांच्याखेरीज वाहन पाहणारा तिसरा डोळा केवळ ग्राहकाचाच होय.

तपासणी केव्हा करावी?

खानदेशात आखाजी व दसरा या दिवशी वाहन घरी आणण्याची प्रथा आहे आणि डिंडोलीतही ती पाळली जाते. त्या दिवशी विक्रेत्याकडे गर्दी असते. नारळ, हार व पेढे यांच्या गडबडीत वाहनाखाली वाकून पाहण्यास कोणासही सवड नसते. मुहूर्त अवश्य साधावा, परंतु तो पूजेसाठी राखावा. तपासणी त्यापूर्वीच उरकलेली असावी.

याहूनही महत्त्वाची एक बाब आहे. नव्या वाहनावर नोंदणी क्रमांकाची पाटी लागल्याखेरीज ते ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये, अशी तरतूद उपरोक्त सुधारणेत आहे. ही तरतूद ग्राहकाच्या हिताची आहे. परंतु तिचा अर्थ असा की, वाहन समारंभाने हाती येते तेव्हा विशिष्ट चेसिस क्रमांक ग्राहकाच्या नावे नोंदविला गेलेला असतो. त्यानंतर दोष आढळल्यास दुरुस्ती मिळू शकते, पण वाहन बदलून मिळणे फार कठीण होते. म्हणून तपासणी दोनदा करावी : पहिली विक्रेत्याच्या गोदामात, विमा व नोंदणी होण्यापूर्वी, आणि दुसरी प्रत्यक्ष ताबा घेताना. यांपैकी पहिली अधिक मोलाची आहे. आगाऊ रक्कम भरतानाच 'चेसिस क्रमांक दाखवून ग्राहकाने पसंत केल्यानंतरच नोंदणी करावी' असे पावतीवर लिहून घ्यावे.

पहिली तपासणी : क्रमांक व वय

तपासणी दिवसाच्या स्वच्छ उजेडात करावी. पाऊस पडत असताना अथवा गाडी ओली असताना रंगातील दोष दिसत नाहीत. सोबत एखादा अनुभवी चालक किंवा कारागीर असावा. कागद वाचण्यासाठी इंग्रजी जाणणारी व्यक्तीही असावी. जवळ विजेरी, मोजपट्टी, वही व पेन्सिल ठेवावी.

प्रथम चेसिसवर ठोकलेला क्रमांक पाहावा. तो सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली असता स्पष्ट छाप उमटते. ती जपून ठेवावी. हा क्रमांक, इंजिनावरील क्रमांक आणि वाहनावरील धातूची पट्टी ही तिन्ही विक्रेत्याच्या कागदांशी एकेक अक्षर लावून पडताळावीत. एका अक्षराची चूकही पुढे विम्याच्या दाव्यात किंवा वाहन विकताना अडचण निर्माण करते.

उत्पादनाचा महिना व वर्ष वाहनावर नमूद करणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये उत्पादकावर बंधनकारक आहे. मागील वर्षी बनलेले वाहन चालू वर्षाच्या किमतीस घेणे म्हणजे पुढे विकताना एका वर्षाचे मोल गमावणे होय. टायरच्या बाजूवरील चार अंकांवरून त्याचे वय कळते. पहिले दोन अंक आठवड्याचे व नंतरचे दोन वर्षाचे असतात. उदाहरणार्थ, '३२२४' म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. स्टेपनीसह पाचही टायर एकाच मापाचे आहेत किंवा नाहीत, हे पाहावे. बॅटरीवरील तारीखही पाहावी. अनेक महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी क्षीण होते आणि टायर एका जागी दबतात.

किलोमीटर दर्शविणारा आकडा टिपून घ्यावा. गोदामापर्यंत चालवत आणलेल्या वाहनाचा आकडा थोडा अधिक असणे स्वाभाविक आहे. मात्र त्याचे कारण विचारून घ्यावे.

वाहनाचे अंग व हौदा

गाडीभोवती सावकाश फिरून दरवाजे, बोनेट व दिवे यांच्या कडांमधील फट दोन्ही बाजूंस सारखी आहे काय, हे पाहावे. एका पत्र्याचा रंग शेजारच्या पत्र्याहून किंचित वेगळा दिसला, रबरी पट्टीवर रंगाचे शिंतोडे आढळले किंवा बोल्टच्या डोक्यावरील रंग खरवडलेला दिसला, तर तो भाग उघडला अथवा पुन्हा रंगविला गेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी लेखी खुलासा मागावा.

मालवाहू वाहनाची खरी कमाई हौद्यातून होते; परंतु तपासणीत त्याकडेच सर्वात कमी लक्ष दिले जाते. हौद्याची लांबी व रुंदी आतून मोजून माहितीपत्रकाशी ताडून पाहावी. जोडाच्या ठिकाणी वेल्डिंग सलग असावे. मागचा व बाजूंचे फाळके उघडून व बंद करून पाहावेत. कडी सैल असल्यास भरल्या गाडीत फाळका उघडून माल रस्त्यावर पडतो व मागून येणाऱ्याच्या जिवावर बेततो. दोर बांधण्याचे आकडे घट्ट असावेत. हौद्याच्या तळाला धारदार कडा असल्यास कापडाचा ताका फाटतो, म्हणून तळावरून काळजीपूर्वक हात फिरवावा.

त्यानंतर गाडीखाली पाहावे. हौदा चेसिसला धरून ठेवणारे बोल्ट घट्ट असावेत. मागील पाट्यांची संख्या दोन्ही बाजूंस सारखी असावी व एकही पाटा तडकलेला नसावा. सपाट जागेवर उभी असलेली रिकामी गाडी एका बाजूस झुकत असल्यास ती स्वीकारू नये. जमिनीवर तेलाचा थेंब पडला आहे काय, हेही पाहावे.

गाडीच्या पट्टीवर एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती टिपून घ्यावी. ज्या मालवाहू वाहनाचे भारासह एकूण वजन ३,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक नाही, त्यास अधिनियमाच्या कलम ६६ अन्वये परवाना लागत नाही. सुरत-नवापूर-धुळे मार्गावर माल नेऊ इच्छिणाऱ्याने आपले वाहन या मर्यादेच्या आत आहे की बाहेर, हे खरेदीपूर्वीच जाणून घ्यावे.

इंजिन व रस्त्यावरील चाचणी

इंजिन थंड असतानाच प्रथम सुरू करावे. आधी तापवून ठेवलेल्या इंजिनातील दोष लपतात. तत्पूर्वी इंजिनतेल, थंडाव्याचे पाणी व ब्रेकतेल यांची पातळी पाहावी. किल्ली फिरविताच समोरील इशारादर्शक दिवे लागले पाहिजेत व इंजिन सुरू झाल्यावर ते विझले पाहिजेत. एखादा दिवा मुळीच लागत नसेल, तर तोही दोषच होय.

सीएनजीवर चालणाऱ्या वाहनात टाकीवर कोरलेला क्रमांक व चाचणीची तारीख टाकीच्या प्रमाणपत्राशी पडताळावी. या टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी पुन्हा करावी लागते. नळ्यांच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासण्यास कारागिरास सांगावे.

मग चार-पाच किलोमीटर गाडी चालवून पाहावी. या चाचणीसाठी विक्रेत्याचा व्यापारी नोंदणी क्रमांक वापरावा लागतो. सर्व गिअर सहज पडावेत. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूस ओढली जाऊ नये. ब्रेक दाबताच ती सरळ रेषेत थांबावी. पुलाच्या चढावर हातब्रेक लावून ती मागे सरकत नाही ना, हे पाहावे. परत आल्यावर पुन्हा खाली वाकून गळती पाहावी. शेवटी पुढचे-मागचे दिवे, दिशादर्शक, हॉर्न, वायपर आणि पुढे पांढरी, बाजूस पिवळी व मागे लाल परावर्तक पट्टी यांची तपासणी करावी.

दोष आढळल्यास

किरकोळ दोष लेखी नोंदवून त्यांच्या दुरुस्तीची तारीख घ्यावी. दुरुस्तीनंतर गाडी पुन्हा पाहिल्याखेरीज नोंदणीस संमती देऊ नये. चेसिस, इंजिन, पुन्हा रंगविलेले अंग किंवा जुने उत्पादन असा गंभीर दोष असेल, तर दुसऱ्या चेसिस क्रमांकाचे वाहन मागावे.

या मागणीस कायद्याचा आधार आहे. वस्तु विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४१ अन्वये, पूर्वी न तपासलेली वस्तू तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने ती स्वीकारली असे मानले जात नाही. मात्र याच कायद्याच्या कलम १६ मध्ये एक इशारा आहे. ग्राहकाने वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसून यावयास हवा होता, त्याबाबत वस्तू विक्रीयोग्य असण्याची गर्भित अट लागू राहत नाही. म्हणून घाईने केलेली वरवरची तपासणी ग्राहकाच्याच अंगावर उलटू शकते.

नोंदणी, विमा व दुसरी तपासणी

ताबा घेताना विक्रीचे बिल, 'नमुना २१' मधील विक्री प्रमाणपत्र, 'नमुना २२' मधील दाखला, विमापत्र, कराची पावती, हमीपत्र व सेवापुस्तिका ही सर्व कागदपत्रे घेऊन त्यांतील क्रमांक पेन्सिलीच्या छापेशी ताडून पाहावेत. नोंदणी प्रमाणपत्र त्याच वेळी मिळाले नाही, तर ते कधी मिळेल हे लिहून घ्यावे. उच्च सुरक्षा पाटी पुढे व मागे बसविलेली असावी आणि काचेवर आतून तिसरे चिन्ह चिकटविलेले असावे. डिझेल वाहनाच्या चिन्हाची पार्श्वभूमी नारिंगी, तर पेट्रोल व सीएनजी वाहनाची फिकट निळी असते. दुसरी किल्ली, जॅक, पाना, त्रिकोणी परावर्तक व प्रथमोपचार पेटी मोजून घ्यावी.

नोंदणीबाबतच्या हयगयीचा परिणाम किती गंभीर होतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ सालच्या एका निकालावरून दिसते. ते प्रकरण पिकअप गाडीचेच होते. तात्पुरत्या नोंदणीची मुदत जानेवारी २००६ मध्ये संपली होती आणि पुढच्याच महिन्यात अपघात झाला. विमा चालू होता. तरीही नोंदणीविना वाहन रस्त्यावर आणल्यामुळे मालकास भरपाई मिळाली नाही.

डिंडोलीतील काही ग्राहक गावाकडील नातेवाइकांच्या ओळखीने धुळे अथवा नंदुरबार येथे वाहन घेण्याचा विचार करतात. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. जेथे वाहन चालवावयाचे, तेथेच ते नोंदविणे सोयीचे असते.

पोचपावतीवरील सही

ताब्याच्या पोचपावतीत बहुधा 'वाहन सुस्थितीत मिळाले' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य छापलेले असते. ते वाचल्याखेरीज किंवा वाचून घेतल्याखेरीज सही करू नये. एखादा दोष शिल्लक असेल, तर सहीच्या वर तो मराठीत लिहिला तरी चालतो. मात्र तारीख व वेळ घालून त्याची प्रत घ्यावी.

वाद मिटला नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडेही ती दाखल करता येते. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या वस्तूस हा कायदा लागू होत नाही. तथापि स्वयंरोजगाराने केवळ उपजीविका चालविण्यासाठी वाहन घेणारा हा ग्राहकच ठरतो. म्हणून बिल स्वतःच्या नावे घ्यावे. प्राथमिक मार्गदर्शन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मिळते.

सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळांतील शिक्षकांस या कामी मोठे साहाय्य करता येईल. वाहनाचे बिल, टायरवरील अंक आणि कर्जाचा हप्ता हे गणिताच्या तासाला उत्तम उदाहरण होऊ शकतात. वडील गोदामात गाडी पाहावयास निघतील तेव्हा सतरा अक्षरांचा क्रमांक मोठ्याने वाचून पडताळणारा मुलगा किंवा मुलगी त्यांच्यासोबत असावी.