गुलाबी डबा, निळा डबा

प्रश्न : भाचीच्या वाढदिवसासाठी खेळणं घ्यायला गेले, तर दुकानदाराचा पहिला सवाल, "मुलगा आहे की मुलगी?" वय त्यानं नंतर विचारलं. आमच्या लहानपणी पालीच्या जत्रेत असं कुणी विचारत नव्हतं. हे गुलाबी-निळं आलं कुठून?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : भेद जत्रेतही होताच, ताई, फक्त तो डब्यावर छापलेला नव्हता. भातुकली मुलींची, विटीदांडू मुलग्यांचा, आणि नागपंचमीच्या झिम्मा-फुगडीत पोरांना थारा नाही. पण बेंदराचे बैल, दिवाळीतल्या किल्ल्यावरचे मावळे आणि भातुकलीची इवली बोळकी कुंभाराच्या एकाच भट्टीतून निघायची. किल्ल्याची माती कालवायला बहीणही लागायची. (मावळे मांडायची वेळ आली की तिला बाजूला सारायचे, हेही खरं.)

रंगांची वाटणी मात्र अलीकडची, आणि बाहेरची. 1918 साली अमेरिकेतल्या बालकपड्यांच्या धंद्याचं एक मासिक नेमकं उलटं सांगत होतं : गुलाबी ठसठशीत म्हणून मुलग्यांना, निळा नाजूक म्हणून मुलींना! सिअर्स हे तिथलं टपालानं माल विकणारं बडं दुकान. एलिझाबेथ स्वीट या समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्याच्या जुन्या जाहिराती तपासल्या. 1975 मध्ये मुलग्यांचं किंवा मुलींचं असं उघड सांगून विकलेली खेळणी दोन टक्क्यांहूनही कमी निघाली. म्हणजे आजचा भेद काही आजीच्या काळापासून सरळ चालत आलेला नाही. मध्ये तो ओसरला होता, धंद्यानं तो पुन्हा वाढवला. त्यामागचा हिशेब साधा आहे. लाल तिचाकी सायकल थोरलीकडून धाकट्याकडे जाते. गुलाबी असली तर धाकटा रुसतो, आणि घरात दुसरी सायकल येते. आपल्याकडे किंडर जॉयसुद्धा मुलींसाठी गुलाबी, मुलग्यांसाठी निळं असं आलं. आतलं चॉकलेट तेच.

तुमच्या भागात तर हे जास्तच खटकावं. सांगलीची स्मृती मानधना भावाच्या मागं मागं क्रिकेटकडे वळली आणि 2013 साली 19 वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात तिनं नाबाद 224 धावा काढल्या. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला 17व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. खेळण्यातल्या धनुष्यबाणाच्या खोक्यावर मात्र बहुधा पोरगाच दिसतो. त्यापेक्षा सरकारी पाठ्यपुस्तक पुढं गेलं म्हणायचं : 2019च्या दुसरीच्या बालभारतीत आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतात.

कॅलिफोर्नियात 2024पासून बड्या दुकानांना मुलगा-मुलगी भेद न करणारा खेळण्यांचा विभाग ठेवावाच लागतो. पण तो कायदा 500 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या दुकानांना. आपल्याकडे मालक आणि एक पोऱ्या! तेव्हा पुढच्या खेपेला "सहा वर्षांचं पोर आहे, वस्तू खोलून जोडायचा नाद आहे" एवढंच सांगून बघा. तो माळ्यावरून काय काढतो, ते आम्हालाही कळवा.